स्वतंत्र भारताची पहिली वर्षे मुलांना कशी शिकवावीत

शाळेच्या इतिहासात १५ ऑगस्ट १९४७ हा बहुतेक वेळा शेवटचा प्रसंग असतो. ध्वज फडकतो आणि धडा संपतो. त्यानंतरचा काळ मुलांना भेटतो तो नागरिकशास्त्रातील तुटक नावांमधून, म्हणजे राज्यघटना, पंचवार्षिक योजना, भाषावार प्रांतरचना अशा शीर्षकांमधून. परिणामी स्वातंत्र्य मिळाले त्याच दिवशी आजचा नकाशा, आजचे रुपये-पैसे, आजची मतदानपद्धती हे सारे तयार होते, असा समज मुलांच्या मनात पक्का होतो. प्रत्यक्षात यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट पुढील चौदा-पंधरा वर्षांत वाद घालून, मोजमाप करून, कधी रक्त सांडून ठरली, आणि ती ठरत असताना कोणालाही शेवट ठाऊक नव्हता. हा काळ मुलांना न सुटलेल्या प्रश्नांचा काळ म्हणून दाखवावा, असे माझे मत आहे. घरी शिकवू इच्छिणारे पालक, नव्याने इतिहासाचा तास घेऊ लागलेले शिक्षक आणि परदेशातील मराठी शाळांमधील स्वयंसेवक यांच्यासाठी पुढील क्रम दिला आहे. तो साधारण नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. लहान मुलांसाठी कोठे थांबावे हे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

पहिली पायरी : कालखंड आखून घ्यावा

सुरुवात १५ ऑगस्ट १९४७ ही धरावी आणि शेवट १९ डिसेंबर १९६१ हा धरावा, म्हणजे गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाला तो दिवस. प्रचलित पुस्तके हा काळ पंडित नेहरूंच्या निधनापर्यंत, म्हणजे मे १९६४ पर्यंत नेतात. परंतु १९६२ चे चीन युद्ध हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, आणि तो यात कोंबला तर मुलांचे सगळे लक्ष युद्धाकडे जाते. शिवाय मराठी मुलांच्या दृष्टीने १९६१ हा शेवट अधिक अर्थपूर्ण आहे, कारण त्यांच्या भाषेच्या प्रदेशाचा नकाशा तोवर बहुतांशी स्थिरावतो.

एकूण सात-आठ बैठका पुरतात. प्रत्येक बैठक पाऊण तासाची असावी आणि दोन बैठकांमध्ये एक आठवडा जाऊ द्यावा, कारण मधल्या दिवसांत मुलांनी घरी विचारपूस करणे हा या पद्धतीचा अर्धा भाग आहे.

दुसरी पायरी : पाच गावे आणि पाच तारखा

एका मोठ्या कागदावर वरच्या बाजूला मुंबई, कोल्हापूर, लातूर, नागपूर आणि गोव्यातील म्हापसा ही नावे लिहावीत. डावीकडे पाच तारखा घ्याव्यात : १५ ऑगस्ट १९४७, २६ जानेवारी १९५०, १ नोव्हेंबर १९५६, १ मे १९६० आणि १९ डिसेंबर १९६१. अशा रीतीने पंचवीस चौकटी तयार होतात. प्रत्येक चौकटीत एकाच प्रश्नाचे उत्तर भरायचे : या दिवशी या गावात दहा वर्षांचे मूल राहत असते, तर त्याच्यावर राज्य कोणाचे होते?

पहिल्याच रांगेत मुले थबकतात, आणि त्यांना थबकू द्यावे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबईतील मूल स्वतंत्र भारताच्या मुंबई प्रांतात होते, मात्र देशाचे गव्हर्नर जनरल त्या दिवशीही लॉर्ड माउंटबॅटनच होते आणि राष्ट्रप्रमुख म्हणून ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचेच नाव कागदोपत्री होते. नागपुरातील मूल मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताच्या राजधानीत राहत होते. कोल्हापूर संस्थान भारतात सामील झाले होते, पण कारभार छत्रपतींच्या दरबाराचा होता, आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते; तेथे त्या दिवशी तिरंगा फडकवणे हा अटकेला निमंत्रण देणारा प्रकार होता, आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. म्हापशाच्या मुलाच्या दृष्टीने तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या लिस्बनमधील राजवटीत काहीच बदलले नव्हते.

दुसऱ्या रांगेत एक गमतीचा धक्का दडलेला आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय सैन्याच्या पाच दिवसांच्या कारवाईनंतर, हैदराबादने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन त्याचाच. मग २६ जानेवारी १९५० रोजी लातूरवर कोणाचे राज्य असेल, असे विचारले की मुले एका सुरात मुंबईचे नाव घेतात. प्रत्यक्षात लातूर तेव्हाही हैदराबाद राज्यातच होते, आणि त्या राज्याच्या राजप्रमुखाचे, म्हणजे राज्यपालाच्या तोडीचे, घटनात्मक पद खुद्द निजामाकडेच होते. ते १९५६ पर्यंत राहिले. असे का केले असावे, यावर मुलांना तर्क करू द्यावा. हरलेल्या राजाला पदावर ठेवणे हे सरदार पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांच्या एकूण धोरणाशी सुसंगत होते : साडेपाचशेहून अधिक संस्थाने सामावून घ्यायची होती, आणि तनखे, पदव्या व मान देऊन काम होत असेल तर ते करावे, असा तो हिशेब होता.

तिसऱ्या रांगेत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हापसा वगळता बाकी चारही गावे प्रथमच एका राज्यात येतात. ते राज्य महाराष्ट्र नव्हते. ते कच्छपासून चांद्यापर्यंत पसरलेले द्विभाषिक मुंबई राज्य होते. त्याच दिवशी बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारचा भाग म्हैसूर राज्यात गेला. चौथ्या रांगेत महाराष्ट्र येतो, पाचव्या रांगेत म्हापसा भारतात येतो.

नकाशावर हेच दाखवायचे असेल, तर ट्रेसिंग पेपर घेऊन आजच्या महाराष्ट्राच्या जिल्ह्यांवर १९४७ च्या सीमा वेगवेगळ्या रंगांनी काढाव्यात. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे निजामाकडील पाच मराठी जिल्हे होते. त्यांतील पहिल्याचे नाव आज छत्रपती संभाजीनगर आणि शेवटच्याचे धाराशिव आहे, तर लातूर आणि जालना हे जिल्हे नंतर निर्माण झाले, हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे नकाशा जुळत नाही म्हणून मुले अडून बसणार नाहीत. सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट, सावंतवाडी, जंजिरा, जव्हार अशी लहान संस्थाने ठिपक्यांनी दाखवली की सातारा-सांगलीकडील नकाशा किती तुकड्यांचा होता ते लगेच दिसते. आपले गाव कोणत्या रंगात येते, हे प्रत्येक मुलाने स्वतः शोधून काढावे.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात का भरते, हा प्रश्न याच बैठकीत विचारावा. राजधानीचा मान सोडून मोठ्या राज्यात येणाऱ्या शहराला १९५३ च्या नागपूर करारात काय काय आश्वासने दिली गेली, त्यातून त्याचे उत्तर मिळते.

तिसरी पायरी : घरातील नाणी आणि कागद

देशाच्या मोठ्या निर्णयांची खूण घरात सापडते, हे मुलांना स्वतःच्या हाताने पाहू द्यावे. जुन्या डब्यात, देव्हाऱ्याच्या खणात, आजीच्या बटव्यात त्या काळातील नाणे बहुधा निघते. त्यावर राजाचा मुखवटा असेल आणि साल १९४७ असेल, तर ते स्वतंत्र भारतातही चालत होते. अशोकस्तंभाची नाणी १९५० मध्ये आली. तेव्हा रुपयाचे १६ आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि त्यापुढील काही वर्षांच्या नाण्यांवर ‘नये पैसे’ हे शब्द दिसतात.

येथे गणिताचा छोटा डाव मांडता येतो. चार आण्यांचे २५ नवे पैसे होतात, हे सरळ आहे. पण एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात आणि पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे धरले होते. आता एका मुलाला दुकानदार करावे आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने एक-एक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४ पैसे द्यावे लागतात, एकदम घेतल्या तर २५; तीन आण्यांची वस्तू घेतली तर दुकानदाराचा पाव पैशाचा फायदा होतो. पाच मिनिटांत मुले भांडू लागतात, आणि एवढ्या मोठ्या देशात ही पद्धत बदलताना बाजारात काय झाले असेल, याचा अंदाज त्यांना न सांगता येतो.

शेती असलेल्या घरांत याहून वजनदार कागद असतो. मुंबईचा कूळ कायदा १९४८ मध्ये झाला आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसणारे कूळ कायद्याने ती विकत घेण्याच्या हक्काचे झाले. अनेक घरांत या कायद्याच्या कलम ३२ ग चा निकाल, ३२ म चे प्रमाणपत्र किंवा त्या काळचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद, जपून ठेवलेला असतो. सातबारावरील फेरफार क्रमांकांमधून मागे जात जात, तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून, जुना फेरफार मिळवता येतो. मोठ्या मुलांसाठी हा उत्तम प्रकल्प आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात कुळांसाठीचे कायदे निराळे होते आणि कोकणात खोती १९४९ च्या कायद्याने गेली, हे मात्र शिक्षकाने लक्षात ठेवावे, नाहीतर लातूरचा मुलगा मुंबई कायद्यातील कलम शोधत बसेल.

एक सावधगिरी आवश्यक आहे. एकाच वर्गात जमीन मिळालेल्या घरातील आणि जमीन गेलेल्या घरातील मुले शेजारी बसलेली असतात. जमीन गेलेल्यांमध्ये मोठे जमीनदार होते, तशा दोन-चार एकरांवर गुजराण करणाऱ्या विधवाही होत्या. जमीन मिळालेल्यांमध्ये पिढ्यान्पिढ्या राबलेली कुळे होती, तसे नाव कागदावर चढवण्यात तरबेज असलेलेही होते. ज्यांना कसायलाही जमीन नव्हती त्या भूमिहीन मजुरांना या कायद्याने काहीच दिले नाही. कागद दाखवण्याची कोणावर सक्ती करू नये, आणि दाखवलेल्या कागदावरून कोणाच्या पूर्वजांचा न्यायनिवाडा करू नये.

चौथी पायरी : बुटांच्या खोक्यांतील मतदान

या संपूर्ण अभ्यासातील सर्वांत रंगणारी बैठक हीच असते, म्हणून तिला दोन आठवडे दिले तरी चालतील.

आधी परिस्थिती सांगावी. पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ अशी जवळजवळ चार महिने चालली. मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख होते. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते, म्हणजे बहुसंख्य मतदारांना उमेदवाराचे नाव वाचता येणार नव्हते. मतदानाचे वय तेव्हा २१ होते. हिमाचलातील चिनी या भागात बर्फाने वाटा बंद होण्याआधी, म्हणजे बाकी देशाच्या कितीतरी आधी, मतदान उरकून घेतले गेले. हे सारे उभे करणाऱ्या मुख्य निवडणूक आयुक्तांचे नाव सुकुमार सेन. ते मुळात सनदी अधिकारी आणि गणिताचे पदवीधर होते.

मग मुलांसमोर प्रश्न ठेवावा : वाचता न येणाऱ्या माणसाने गुप्त मतदान कसे करावे? त्यांच्या सूचना फळ्यावर लिहून घ्याव्यात. त्यानंतर त्या वेळचा मार्ग सांगावा. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. केंद्रात आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले होते, उदाहरणार्थ काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचे झाड, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, जनसंघाचा दिवा. मतदाराने हातातील मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. म्हणूनच पोलादी पेट्या सुमारे २० लाख लागल्या. त्यांतील मोठा वाटा विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाला, आणि मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या.

आता प्रत्यक्ष मतदान घ्यावे. बुटांची तीन-चार रिकामी खोकी, प्रत्येकावर एक चित्र, समोर चादरीचा आडोसा, आणि दाराशी मतदारयादी घेऊन बसलेला एक मतदान अधिकारी एवढी सामग्री पुरते. उमेदवार खऱ्या पक्षांचे करू नयेत. सहलीला कोठे जायचे यासारखा विषय घ्यावा, म्हणजे घरातील राजकारण वर्गात येत नाही. मतपत्रिका म्हणून वहीच्या कागदाचे क्रमांक घातलेले तुकडे चालतात. एका मुलाला गुपचूप सांगून ठेवावे की, आडोशामागे गेल्यावर मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर ये. मोजणीच्या वेळी एक मत कमी भरते, आणि या पद्धतीतील पळवाट मुलांच्या आपोआप ध्यानात येते : खिशातून बाहेर आलेली कोरी मतपत्रिका दुसऱ्याला विकता येते. १९६०-६१ पासून सर्व उमेदवारांची चिन्हे एकाच कागदावर छापून त्यावर खूण करण्याची पद्धत आली, ती का आणावी लागली, हे निराळे समजवावे लागत नाही.

मतदारयादीचाही असाच प्रयोग करावा. आपल्या इमारतीची किंवा आळीची यादी अशी लिहावी की, काही स्त्रियांच्या नावापुढे फक्त ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ एवढेच असेल. मग ओळख पटवून दाखवण्यास मुलांना सांगावे. पहिल्या निवडणुकीच्या याद्या तयार होताना लाखो स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला, आणि अशा सुमारे २८ लाख नोंदी याद्यांमधून गाळण्यात आल्या. त्या प्रामुख्याने बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य भारतातील होत्या. नावे गाळण्याचा निर्णय योग्य होता का, यावर मुलांची मते सहसा दुभंगतात. शिक्षकाने निकाल देण्याची घाई करू नये. माझ्या मते सेन यांचा कठोरपणा पुढील निवडणुकीच्या दृष्टीने उपयोगी ठरला, पण ज्या बाईचे पहिले मत गेले तिला हे उत्तर पुरेसे वाटले नसते, हेही मुलांना सांगण्यास हरकत नाही.

निकालांपैकी दोनच गोष्टी घ्याव्यात. लोकसभेच्या ४८९ जागांपैकी काँग्रेसला ३६४ मिळाल्या. आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत पराभूत झाले.

पाचवी पायरी : राज्यघटनेतील विहीर

घटना समितीचे पहिले अधिवेशन ९ डिसेंबर १९४६ रोजी भरले, घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाली आणि २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. एवढा सांगाडा पुरे. ३९५ कलमांची यादी देऊन मुलांना घाबरवण्यात अर्थ नाही. उद्देशिका पाठ असते, पण ती पाठ असल्यामुळेच तिच्यातील शब्द मुलांना आता ऐकू येत नाहीत. त्याऐवजी कलम १५ चा दुसरा भाग मोठ्याने वाचावा. त्यात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते असे शब्द येतात, आणि धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही तेथे मज्जाव करता येणार नाही, असे म्हटलेले आहे.

एका देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहिरीचा उल्लेख कशासाठी केला असेल, हा प्रश्न मुलांवर सोडावा. त्यानंतर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले ते सांगावे, म्हणजे तळ्याकाठी ओंजळभर पाणी पिणे आणि बावीस-तेवीस वर्षांनी लिहिलेले कलम यांतील दुवा स्पष्ट होतो. मोठ्या मुलांना २५ नोव्हेंबर १९४९ च्या बाबासाहेबांच्या भाषणाचा आशय द्यावा : २६ जानेवारीपासून राजकारणात आपण समान असू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती फार काळ टिकू दिली तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. कलम लिहिले म्हणून विहीर खुली झाली का, हे आपल्या गावात विचारून येण्यास सांगावे. येणारी उत्तरे नेहमी सुखद नसतात. ती तशीच नोंदवावीत.

सहावी पायरी : फाळणी आणि हिंसा

दहा वर्षांखालील मुलांना एवढेच सांगावे की, एका देशाचे दोन देश झाले आणि एक कोटीहून अधिक माणसांना घर सोडून जावे लागले. हत्या, अत्याचार यांची वर्णने त्या वयात अनाठायी आहेत. त्याऐवजी सीमारेषेची घोषणा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी झाली, ही एक गोष्ट पुरेशी आहे. बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात १५ ऑगस्टला पाकिस्तानचा ध्वज लागला होता आणि नंतर तो जिल्हा भारतात आला. आपण कोणत्या देशात आहोत हेच माहीत नसलेले दोन दिवस मुले सहज कल्पू शकतात.

महाराष्ट्रात या विषयाला हात लावण्यासाठी उल्हासनगरसारखे ठिकाण नाही. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या लष्करी छावणीतील बराकींमध्ये सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील पत्ते कॅम्प नंबर १ ते ५ असेच सांगितले जातात. रिक्षावाल्यालाही नुसते ‘चार नंबर’ म्हटले की कळते. मुंबई-ठाण्याच्या मुलांना एकदा तेथे न्यावे.

बारा वर्षांवरील मुलांशी अधिक मोकळेपणाने बोलावे, आणि बोलायचे तर पूर्ण बोलावे. हैदराबाद संस्थानात रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावे लुटली, माणसे मारली. लष्करी कारवाईनंतर मराठवाड्यासह संस्थानाच्या अनेक भागांत मुसलमानांच्या हत्या झाल्या, पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची पाहणी केली आणि तिचा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रातील कितीतरी गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. यांतील एकच बाजू सांगितली, तर दुसरी बाजू मुलांना नंतर मोबाइलवर, कोणाच्या तरी सोयीच्या रूपात भेटते. प्रसारित होणाऱ्या अशा मजकुरासाठी एकच सवय लावावी : त्यातील प्रसंग कोणत्या तारखेला आणि कोणत्या ठिकाणी घडला, हे लिहिलेले नसेल तर तो पुढे पाठवायचा नाही. नेहरू, पटेल आणि आंबेडकर यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे बहुतेक संदेश याच चाळणीत अडकतात.

सातवी पायरी : घरातील वडीलधाऱ्यांची मुलाखत

पहिल्या निवडणुकीच्या वेळी दहा वर्षांचे असलेले लोक आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे ही पायरी पुढे ढकलू नये. क्रम मोडून आधी घेतली तरी चालेल. ‘स्वातंत्र्य मिळाल्यावर कसे वाटले?’ असा प्रश्न मुलांनी विचारू नये, कारण त्याला भाषणच उत्तर म्हणून येते. रेशनवर कोणते धान्य मिळायचे, शाळेत कोणती पाटी-पेन्सिल होती, शेर जाऊन किलो आले तेव्हा वाण्याकडे काय झाले, गावात वीज कोणत्या साली आली, आईने पहिले मत कोठे दिले, असे हाताला लागणारे प्रश्न द्यावेत. मुलाखत वीस मिनिटांपेक्षा लांबवू नये, आजी-आजोबांची परवानगी घेऊन ती ध्वनिमुद्रित करावी, आणि त्यांनी एखादा विषय टाळला तर तेथेच थांबावे.

आठवणीतील साल आणि कागदावरील साल जुळत नाही, असे हमखास घडते. अशा वेळी आजोबांची चूक काढणे हा हेतू नसावा. दोन्ही साले शेजारी लिहून, आठवण कशामुळे सरकली असेल, याचा तर्क मुलांनी करावा.

परदेशातील मराठी शाळांना ही पायरी व्हिडिओ कॉलवरही घेता येते. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना तेथील राज्यघटना स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर अकरा वर्षांनी लिहिली गेली, हे शाळेत शिकवलेले असते. दोन्ही देशांत मतदानाचा हक्क पहिल्या दिवशी कोणाकोणाला होता, एवढी एकच तुलना घेतली तरी तासभर चर्चा होते.

आठवी पायरी : भाषेच्या राज्याचा वाद

योजना, धरणे आणि कारखाने यांवर फार वेळ खर्च करू नये. भाक्रा-नांगल, कोयना आणि पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना ही तीन चित्रे दाखवून पुढे जावे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्यांच्या परिसरात येतो, त्यांनी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची जोडी कशी जमली, हे अवश्य सांगावे.

वाचलेला वेळ वादसभेला द्यावा. विषय असा ठेवावा : ‘साल १९४९ आहे, भाषेप्रमाणे राज्ये आत्ताच करावीत का?’ मुलांना १९६० चा शेवट विसरण्यास सांगावे. विरोधी गटाला खरी कारणे द्यावीत, कारण आपल्याकडे ती बाजू हास्यास्पद करून सांगण्याची खोड आहे : नुकतीच फाळणी झाली होती, आणखी तुकडे पडतील ही भीती खरी होती, आणि नेहरू, पटेल व पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीने याच कारणासाठी थांबण्याचा सल्ला दिला होता. बाजूने बोलणाऱ्या गटाकडे कचेरीत, न्यायालयात आणि शाळेत स्वतःच्या भाषेत व्यवहार करण्याचा हक्क हा मुद्दा असतो. चर्चा तापल्यावर पुढील घटना एक-एक चिठ्ठी काढल्याप्रमाणे वाचाव्यात : डिसेंबर १९५२ मध्ये आंध्र राज्याच्या मागणीसाठी पोट्टी श्रीरामुलू यांचा उपोषणात मृत्यू, १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार, १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचा राजीनामा. प्रत्येक चिठ्ठीनंतर कोणाला बाजू बदलावीशी वाटते का, ते विचारावे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभरहून अधिक माणसांनी प्राण गमावले, हे सांगताना आवाज चढवण्याची गरज नसते.

सीमाभागातील मुलांच्या मनात बेळगावचा प्रश्न येतोच. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, एवढे सांगून कर्नाटकाची बाजू मांडण्याचे काम मुद्दाम एखाद्या कट्टर मराठी मुलाकडे द्यावे. गोव्याच्या बाबतीतही १९६१ नंतरचा एक प्रश्न शिल्लक राहतो : १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला. महाराष्ट्रातील मुलांना हे ऐकून बहुधा नवल वाटते. गोव्यातील मुलांकडून त्याची कारणे ऐकण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये.

परीक्षा घ्यायची कशी?

सनावळी विचारू नये. एखादी तारीख आणि एखादे गाव देऊन प्रसंग लिहिण्यास सांगावे, उदाहरणार्थ : ‘३ जानेवारी १९५२. तुमची काकू मतदानाला निघाली आहे. तिला वाचता येत नाही. तिला रस्त्यात, दारात आणि आडोशामागे काय काय करावे लागेल ते लिहा.’ किंवा : ‘२ एप्रिल १९५७. तुम्ही तीन आण्यांची काडेपेटी आणि एका आण्याचे मीठ आणायला गेला आहात. दुकानदाराशी झालेले बोलणे लिहा.’ उत्तरात त्या दिवशी माहीत असणे शक्य नसलेली गोष्ट आली, म्हणजे १९५२ च्या काकूने मतपत्रिकेवर शिक्का मारला किंवा १९५७ च्या दुकानात महाराष्ट्र राज्याचा उल्लेख झाला, तर तेथे गुण कापावेत आणि का कापले ते समासात लिहावे.